चारुशीलाची गोटी आणि कॅप्टनची निलगिरी

माझी मावसबहीण चारुशीला कुणाकडे गेली की आधी भिंतींची विचारपूस करते आणि मग माणसांची. हळदीकुंकवाला यजमानीणबाई वाण घेऊन उभ्या असतात आणि ही त्यांच्या खांद्यावरून मागच्या तुळईकडे बघत असते. लग्नाच्या कार्यालयात सगळ्यांच्या माना नवरानवरीकडे, तर हिची छताकडे. एका साखरपुड्यात तिनं माझा दंड धरून मला उठवलं आणि पलीकडच्या रांगेत नेऊन बसवलं. मला वाटलं, तिकडं वारा जास्त लागत असेल. घरी परतताना म्हणाली, "तू बसला होतास ना, तिथल्या पंख्याचा हूक मला आवडला नाही."

चारुशीला इंजिनिअर आहे, पण घरं बांधणारी नव्हे. बांधलेल्या घराला पुढं काय काय होतं, ते बघणारी. भिंतीला भेग गेली, गॅलरी झुकली, स्लॅबचा पोपडा आमटीत पडला, की लोक तिला बोलावतात. सांगलीला विश्रामबागेत तिचं लहानसं ऑफिस आहे. कृष्णेचा पूर ओसरला की सांगलीत डॉक्टरांना आणि चारुशीलाला जेवायला फुरसत नसते. मूळची ती वाईची. चण एवढीशी, अंगावर सुती साडी आणि पायात चांगले जाड तळव्याचे पुरुषी बूट. अशा थाटात ती लोकांच्या माळ्यांवर चढते. खांद्याला एक कापडी पिशवी असते. तिच्यात जुन्या पंच्यात गुंडाळलेली हातोडी, एक बॅटरी, भिंतीचा कल दाखवणारा एक ओळंबा आणि काचेची एक हिरवी गोटी.

ही गोटी म्हणजे तिचं प्रसिद्ध हत्यार. ती फरशीवर गोटी अलगद ठेवते आणि हात मागं घेते. गोटी जागच्या जागी राहिली तर ठीक. घरंगळत निघाली तर ही तिच्यामागून दुडूदुडू चालत जाते, आणि घरातली सगळी वडीलधारी मंडळी हिच्यामागून. मिरजेतल्या एका आजोबांनी त्या गोटीला हात जोडलेले मी स्वतः पाहिलेत.

तिची जीभ मात्र लोकांना फारशी मानवत नाही. तिच्या तोंडून 'काळजी करू नका' हे शब्द कधी बाहेर पडलेले नाहीत. ती 'बघू' म्हणते. माझ्या साताऱ्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत मी हौसेनं कुंड्यांचं नंदनवन उभं केलं होतं. ते बघायला तिला मुद्दाम बोलावलं. ती उंबऱ्यावरच थांबली आणि म्हणाली, "ही बाग खाली जायची वाट बघतेय. तू पोचव, नाहीतर तिची ती जाईल." तेव्हापासून माझ्या जास्वंदी खालच्या मजल्यावरचे फडतरे स्वतःच्या म्हणून मिरवतात.

पण घर नीट आहे अशी एकदा खात्री पटली, की ती भिंतीवर तळहात ठेवते आणि एकच शब्द बोलते. "नांदेल." सासरी निघालेल्या मुलीबद्दल बोलावं तसा. तो शब्द ऐकण्यासाठी लोक महिनोन्‌महिने थांबतात. पलूसजवळचे कॅप्टन लालासाहेब तर त्यासाठी पुरते वाकले, आणि ते सहजासहजी वाकणारे गृहस्थ नव्हेत.

लांबच्या कामाला मी साताऱ्याहून येतो आणि तिची गाडी चालवतो. तिला चालवता येत नाही असं नाही. पण तिच्या हातात गाडी दिली की ती प्रत्येक पुलाशी थांबते आणि उतरून पुलाखाली डोकावते. त्यामुळं घरच्यांनी एकमतानं मला सारथी नेमलं. 'तू तसाही रिकामाच असतोस,' हे त्या नेमणुकीचं पत्र.

तर दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती, तेव्हा आम्ही नांद्रे, वसगडे मागं टाकत पलूसच्या बाजूला निघालो. दोन्हीकडं ऊस, मध्ये काळीभोर माती. फोनवर कॅप्टननी पत्ता सांगितला होता तो असा: "उसात जिथं निलगिरीची पलटण दिसंल, तिथं थांबा." आणि खरोखरच पलटण होती. एका बंगलीच्या दक्षिणेला निलगिरीची उंच झाडं एका रेषेत, खांद्याला खांदा लावून उभी होती. भिंतीपासून पहिल्या झाडापर्यंत जेमतेम सायकल जाईल एवढी वाट.

लालासाहेब गेटात उभे होते. सैन्यातून ऑनररी कॅप्टन होऊन निवृत्त झालेले, मिशीला पीळ, पाठ अशी ताठ की चारुशीलानं ओळंबा काढला असता तर तो शरमला असता. मागं त्यांच्या पत्नी शालूबाई आणि मुलगा ऋषिराज. ऋषिराजचं लग्न दीपमाला नावाच्या मुलीशी ठरलेलं होतं, पण दीड वर्षानंतरच्या उन्हाळ्यात.

आम्ही आत गेलो आणि माझं नाक भरून आलं. घरभर ताज्या रंगाचा वास. भिंती मोत्यासारख्या. चारुशीला दिवाणखान्यातून फिरली, दक्षिणेच्या खोलीत गेली, तिथं कोपऱ्याकडं टक लावून उभी राहिली.

"भेग कुठं आहे?"

"बुजवली की," कॅप्टन अभिमानानं म्हणाले. "तुमी येनार म्हटल्यावर भेग तशीच ठिवायची व्हय? चार दिस गवंडी लावून पुटी मारली, वरनं रंगाचं दोन हात दिलं."

मी चारुशीलाकडं बघायचं टाळलं. डॉक्टर येणार म्हणून ताप उतरवून ठेवावा, तसा हा प्रकार. पण आपल्याकडं पाहुणा येणार म्हणजे घर आवरायचं, हे रक्तातच आहे. पाहुणा घराचे दोष काढायला येत असला तरीही.

चारुशीला रागावली नाही. तिनं भिंतीवरून तळहात फिरवला, बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि म्हणाली, "छान काम केलंत. जुन्या भेगेचं वय सांगता येत नाही. आता या नव्या रंगातून ती परत वर आली, तर ती जिवंत आहे असं समजायचं. नाही आली तर मेली."

"मरंल," कॅप्टन म्हणाले. "पर मेली तरी केस हाय म्हन्जे हाय. आवं म्याडम, सरळ मामला हाय. त्या नाथाजीनं हिरीत सुरुंग लावलं, माझं घर फाटलं. तुमी तेवढं लिवून द्या. वकील बघून ठिवलाय मी."

"नाथाजी कोण?"

"हाय एक."

"धाकला भाऊ हाय त्यांचा," स्वयंपाकघरातून शालूबाईंचा आवाज आला. "सख्खा."

कॅप्टननी त्या दिशेला असं पाहिलं, की शत्रूच्या चौकीकडंही त्यांनी तसं पाहिलं नसेल. आतून भांड्याचा आवाज आला आणि गप्प झाला.

चारुशीलानं पिशवीतून काचेच्या दोन पातळ पट्ट्या काढल्या. भेग जिथं होती, त्या जागेवर वर एक आणि खाली एक अशा आडव्या ठेवून त्यांची टोकं प्लास्टरनं भिंतीला पक्की केली. "भिंत हलली तर काच तडकेल. हिला हात लावायचा नाही, पुसायची नाही, देवाची तसबीर अडकवायची नाही."

"पहारा लावतो," कॅप्टन म्हणाले, आणि ते गमतीनं म्हणत नव्हते.

मग गोटी निघाली. मधल्या खोलीत ठेवली ती क्षणभर विचारात पडली आणि दक्षिणेच्या कोपऱ्याकडं निघाली. आधी सावकाश, मग ठाम. चारुशीला मागं, मागं कॅप्टन, मागं ऋषिराज, मागं मी. अशी वरात कोपऱ्यात पोचली. गोटी भिंतीला टेकली.

"बघितलं?" कॅप्टन म्हणाले. "नाथाजीच्या घराच्या अंगाला गेली. तिलाबी कळतंय."

"तिला उतार कळतो," चारुशीला म्हणाली. "मला चहा चालेल."

हे तिचं नेहमीचं आहे. चहा ती दिवाणखान्यात घेत नाही, स्वयंपाकघरात घेते. घरची दारं कोण उघडतं, कोण लावतं, हे तिला ठाऊक असतं. शालूबाईंनी पाट सरकवला, मला खुर्ची मिळाली. चारुशीलानं विचारलं, "त्या खोलीचं दार घासतं का हो?"

"घासतंय तर. पर कायम न्हाई. शिमगा झाला की लागतच न्हाई, खांद्यानं ढकलावं लागतं. गनपतीत आपलं आपन लागतंय. मला वाटायचं, लाकूड फुगतंय."

"लाकूड पावसात फुगतं. हे दार उन्हाळ्यात अडतं."

शालूबाईंनी चहा ओतता ओतता हात थांबवला. "व्हय की ओ. उलटंच झालं की."

मग चारुशीलानं न विचारताच त्यांनी भांडणही सांगितलं. सात-आठ वर्षांमागं नाथाजीच्या मुलीचं, क्रांतीचं लग्न निघालं. पत्रिका छापून आल्या. त्यात निमंत्रकांमध्ये मोठ्या भावाचं नाव होतं, सगळ्यात वर होतं, पण नुसतं 'श्री. लालासाहेब' असं. 'कॅप्टन' राहून गेलं होतं. नाथाजी म्हणाला, छापणाऱ्याची चूक. कॅप्टन म्हणाले, सरहद्दीवर थंडीत उभं राहून मिळवलेलं आहे, ते छापणाऱ्याच्या बापाचं आहे काय. लग्नाला ते गेले, अक्षता टाकल्या, जेवले नाहीत. घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी निलगिरीची रोपं आणली.

"म्हनले, मला त्याचं तोंड बघायचं न्हाई," शालूबाई म्हणाल्या. "दोन घरं समोरासमोर. तोंड न्हाई बघायचं म्हन्जे काय करायचं? मग झाडं लावली. निलगिरी लौकर वाढती म्हनून निलगिरी. आपल्या हातानं पानी घालून वाढवली."

माझ्या आयुष्यात मी भाऊबंदकीचे बरेच नमुने पाहिलेत. बांध कोरलेले, विहिरीवरून कोर्टात गेलेले. पण न बोलण्यासाठी वनीकरण केलेला माणूस हा पहिलाच. चारुशीलानं मात्र हसून घेतलं नाही. ती खिडकीतून त्या पलटणीकडं बघत राहिली. चहा गार झाला.

"मला विहीर बघायला हवी," ती बाहेर येऊन म्हणाली.

"माझ्या दारातनं त्या अंगाला कुनी जात न्हाई," कॅप्टन म्हणाले.

"मग मी रस्त्यानं वळसा घालून जाते. भेग सुरुंगानं पडली असं लिहायचं, तर सुरुंग कुठं उडाला ते बघायला नको?"

सैन्यानं गेटाची कडी काढून दिली. आम्ही वळसा घालून गेलो.

नाथाजी मोठ्या भावापेक्षा अर्ध्या आवाजाचा माणूस निघाला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. विहीर घराच्या पार पलीकडच्या टोकाला होती. विहिरीच्या काठाशी गोठा, आणि गोठ्याला जुनी, दगडमातीची, उंदरानं नुसतं शिंकावं तरी पडेल अशी भिंत. चारुशीला त्या भिंतीसमोर बसकण मारून बसली, हातोडीनं हळू ठोकत राहिली. भिंतीला एकही नवी चीर गेली नव्हती. म्हैस आमच्याकडं निर्विकारपणे बघत होती.

निघताना नाथाजी चपलेनं माती उकरत म्हणाला, "म्याडम, दादाचं घर... म्हन्जे झोपायला काय भ्या न्हाई न्हवं? त्या अंगाच्या खोलीतच निजतो त्यो. लय हट्टी हाय, दुसऱ्या खोलीत जा म्हटलं तरी जायचा न्हाई."

"तुम्ही म्हटलंत का?"

"मी कसं म्हनू? बोलनं कुटं हाय."

"भीती नाही," चारुशीला म्हणाली. तिच्या तोंडून इतकं दिलासादायक वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

परत आलो तर कॅप्टन पोर्चमध्ये फेऱ्या मारत होते. "काय म्हनला त्यो?"

मी तोंड उघडलं, पण चारुशीलानं माझ्याकडं पाहिलं. पंख्याच्या हुकाकडं बघते तसं. मी तोंड मिटलं.

"मी भिंतींचं सांगते, माणसांचं नाही," ती म्हणाली. "त्यांच्या गोठ्याची भिंत धड आहे."

"म्हन्जे?"

"बघू. उन्हाळा येऊ द्या."

"आवं पर कागूद? वकील थांबलाय."

"भेग काय म्हणते ते मी लिहीन. तुम्ही काय म्हणता ते वकील लिहील. दोन्ही एकच निघालं तर माझी हरकत नाही."

कॅप्टन चिडले. पण आम्ही गाडीत बसताना त्यांनी तिला सलाम ठोकला. नाही म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला ठोकतात तसा.

त्यानंतर सारा हिवाळा त्यांचे फोन येत राहिले. काचेची तब्येत कळवणारे. "वरची पट्टी सलामत. खालची सलामत. रात्री बॅटरी मारून बघितली." ऋषिराजचा मित्र त्या भिंतीला टेकला म्हणून त्याला अंगणात उभं केल्याची बातमीही आली. शिमगा झाला. ऊन तापलं. आणि चैत्रातल्या एका दुपारी फोन वाजला, कॅप्टनचा आवाज खाली आलेला.

"म्याडम, वरची काच शहीद झाली."

"आणि खालची?"

"जिती हाय."

"येते," चारुशीला म्हणाली. फोन ठेवला आणि माझ्याकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. दुसऱ्याच्या घराची भिंत फाटल्यावर एवढी प्रसन्न होणारी बाई नातेवाइकांत असणं जरा अवघडच.

आम्ही पोचलो तेव्हा रंगातून भेग परत उमटली होती. वर रुंद, खाली येता येता केसासारखी बारीक. शालूबाईंचं दार अडलं होतं. चारुशीलानं कॅप्टनना भेगेसमोर उभं केलं.

"सुरुंग एकदा उडतो, कॅप्टन. भिंत एकदा हादरते, तडकते, संपलं. तुमची भेग उन्हाळ्यात उघडते आणि गणपतीत मिटते. सुरुंग काय दर चैत्रात उडतो?"

"न्हाई."

"भेग वर रुंद आहे. म्हणजे हा कोपरा बाहेरच्या बाजूला खाली बसतोय. का बसतोय ते खाली बघितल्याशिवाय कळणार नाही. कोपऱ्याशी खड्डा घ्या."

ऋषिराज कुदळ घेऊन आला, पण कॅप्टननी ती काढून घेतली. खंदक खणायची सवय असलेला माणूस. बघता बघता कमरेइतका खड्डा झाला, पाया उघडा पडला. चारुशीला साडी खोचून खड्ड्यात उतरली, बूट मातीत रोवले, बॅटरी लावली.

पायाखालची काळी माती आटलेल्या दह्यासारखी आक्रसून दगडापासून सुटलेली होती. एवढ्या बागायतीच्या मुलखात त्या कोपऱ्यातली माती मात्र आटपाडीच्या माळासारखी कोरडी. आणि त्या मातीतून, पायाच्या दगडांखालून, मुळ्या गेल्या होत्या. तांबूस, दोऱ्यासारख्या, हजारो. तिनं मूठभर उपसल्या आणि वर कॅप्टनच्या हातात दिल्या.

"कशाच्या हायत ह्या?" कॅप्टननी विचारलं. खरं तर त्यांना कळलं होतं. त्यांनी मूळ नखानं मोडून नाकाशी नेलं, आणि मान वर करून पलटणीकडं पाहिलं.

"काळी माती पाणी प्याली की फुगते, पाणी गेलं की आक्रसते," चारुशीला खड्ड्यातूनच बोलत होती. "निलगिरी उन्हाळ्यात जमिनीतलं सगळं पाणी ओढते. तिकडं आणखी लांब असती तर काही बिघडत नव्हतं. तुम्ही ती भिंतीला चिकटून लावलीत. घराच्या तीन बाजूंना उसाचं पाणी आहे. ह्या एका बाजूची माती दर उन्हाळ्यात तहानलेली राहते. तो कोपरा बसतो."

ऋषिराज बापाकडं बघायचं टाळत होता. शालूबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या हसत होत्या की काय, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

"म्हन्जे नाथाजीचा काय संबंध न्हाई," कॅप्टन म्हणाले.

"विहिरीचा नाही. झाडांचा असेल तर तुम्हाला माहीत."

असं उत्तर मी दिलं असतं तर मला त्याच खड्ड्यात पुरलं असतं. तिला त्यांनी हात देऊन वर ओढून घेतलं.

मग त्यांचं फौजी डोकं चालू झालं. "ऋषी, करवत आन. आजच आडवी करतो सगळी."

"अजिबात नाही," चारुशीला म्हणाली. "एकदम तोडलीत तर माती एकदम पाणी पिईल, फुगेल, आणि कोपरा वर उचलेल. मग दुसऱ्या बाजूनं भेग. उपाशी माणसाला थेट पंगतीला बसवत नाहीत, आधी पेज देतात. शेंड्याकडून थोडी थोडी कापायची. या पावसाळ्याआधी वरचा भाग. मग दिवाळीनंतर आणखी. असं करत पुढच्या वर्षी खाली यायचं. शेवटी बुंधे. तोवर भेगेला हात लावायचा नाही, आणि ती झाकायची तर अजिबात नाही."

"लगीन हाय घरात. पावनं काय म्हनतील?"

"म्हणू देत."

वकिलाला त्यांनी त्याच संध्याकाळी फोन करून बसवलं म्हणे. आमच्यासमोर नाही केला. तेवढा आब त्यांनी राखला आणि आम्हीही राखू दिला.

झाडं कापणं सुरू झालं, आणि त्याचबरोबर एक गोष्ट घडू लागली, जी चारुशीलाच्या अहवालात लिहिलेली नव्हती. पुढचं सगळं मला शालूबाईंच्या फोनवरून कळलेलं. शेंडे उतरल्यावर आधी नाथाजीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसायला लागली. कॅप्टन दोन दिवस टाकीकडं पाठ करून बसले. दिवाळीनंतरच्या कापणीत गच्ची दिसली, गच्चीवर वाळत घातलेली धोतरं दिसली. पुढच्या खेपेला माडीची खिडकी दिसली. आणि वर्ष पालटल्यावर झाडं माणसाच्या खांद्याइतकी उरली, तेव्हा खुद्द नाथाजी दिसला. रोज सकाळी. दात घासत, अंगणात.

इकडं कॅप्टन रोज सकाळी खाकी हाफ पँटीत अंगणात कसरत करतात. निलगिरीमुळं इतकी वर्षं ती खाजगी होती. आता समोर प्रेक्षक होता. ते दुसरीकडं कसरत करू शकले असते, पण ती माघार झाली असती. नाथाजीही परसात दात घासू शकला असता. दोघंही एकाच आईची मुलं. एक उठाबशा काढतो, एक दात घासतो, आणि दोघं एकमेकांच्या डोक्यावरून पलूसच्या आकाशाकडं बघतात. असे बरेच दिवस गेले.

शेवटी नाथाजीच हरला. चूळ भरली आणि म्हणाला, "दादा, गुडघं दुखत न्हाईत व्हय अजून?"

कॅप्टन वाकलेले तसेच थांबले. "फौजीचं गुडघं हायत."

"मग वाकताना कड्‌कड् कशाचं वाजतंय?"

"तुज्या कानात दातवन गेलं आसंल."

आत शालूबाईंनी गॅस मोठा केला. चहा जादा टाकावा लागणार, हे त्यांना कळलं. नाथाजी खुंटांमधून वाट काढत आला, पायरीवर बसला. चहा पिताना पत्रिकेचा विषय निघाला नाही. निलगिरीचाही नाही. खतांच्या भावाविषयी दोघं भरपूर तावातावानं बोलले. मग नाथाजी आत जाऊन कोपऱ्यातली भेग बघून आला. भेगेवर बोट ठेवून म्हणाला, "लय न्हाई. मला वाटलं हुतं, लय आसंल." त्याला ती वर्षानुवर्षं बघायची होती.

ऋषिराजच्या लग्नाची पत्रिका द्यायला बापलेक सांगलीला आले. चारुशीलानं ती उघडली आणि मला दिली. निमंत्रकांत पहिलं नाव, मोठ्या भावाच्याही वर: 'प्रगतशील बागायतदार श्री. नाथाजी'. त्याच्याखाली 'ऑनररी कॅप्टन' लालासाहेब. ते दोन शब्द मात्र पत्रिकेतल्या नवरीच्या नावापेक्षाही ठळक अक्षरांत.

"छापताना मी सोता उबा हुतो," कॅप्टन म्हणाले.

लग्न दारातच मांडव घालून झालं. दक्षिणेची बाजू आता मोकळी होती, दोन्ही अंगणांवर मिळून एकच मांडव. आता गुडघ्याइतक्याच उरलेल्या खुंटांवर फळ्या टाकून म्हाताऱ्यांची बसायची सोय केलेली. आम्ही पोचलो तेव्हा पाहुणे आत-बाहेर करत होते. चारुशीलाची नजर आधी कोपऱ्यात गेली. भेग तशीच होती, उघडी, लग्नाच्या घरात. कॅप्टननी तिला हळदसुद्धा लागू दिली नव्हती. तिच्यावर आडवी नव्या काचेची पट्टी. उन्हाळा असून अखंड.

चारुशीलानं पैठणीच्या पदराखालून पिशवी काढली. मी म्हणालो, "आज राहू दे." तिनं ऐकलं नाही. वऱ्हाडाच्या पायांमध्ये वाकून तिनं गोटी फरशीवर ठेवली. गोटी थबकली, मग हळूहळू दक्षिणेकडं गेली आणि कुणाच्या तरी कोल्हापुरी चपलेला टेकली. नाथाजीनं वाकून ती उचलली.

"म्याडम, माज्याकडंच का येती ओ ह्यी?"

"जेवढा कोपरा बसला तेवढा बसला. तो आता वर यायचा नाही," चारुशीला म्हणाली. "पण आणखी बसणार नाही."

कॅप्टन फेटा बांधून, व्याह्यांना सोडून, गर्दीतून वाट काढत आले होते आणि सावधान उभे होते. त्या एका शब्दासाठी माणसानं किती वाट पाहावी, याची मर्यादा त्यांच्या मिशीवर दिसत होती. चारुशीलानं भिंतीवर तळहात ठेवला. तिला घाई कधीच नसते.

"नांदेल," ती म्हणाली.

कॅप्टननी श्वास सोडला. मग नाथाजीच्या पाठीत एक जोरदार थाप घातली. नाथाजीच्या हातातली गोटी उडाली आणि ती शोधायला दोघं भाऊ, एक फेट्यासकट आणि एक टॉवेलसकट, पाहुण्यांच्या पायांत गुडघ्यांवर रांगू लागले. कुणाचे तरी गुडघे कड्‌कड् वाजले.

मी टाळ्या वाजवत मांडवात येऊन फळीवर टेकलो, तेवढ्यात चारुशीलानं माझा दंड धरला. ती मांडवाच्या मधल्या खांबाकडं बघत होती.

"ऊठ," ती म्हणाली. "तिकडं बस."